मिदेवाचा पाहुणचार

"लंगडी नको धरू. लंगडी कोंबडी पाहुण्याला घालतात होय?" कागेहा म्हातारी ओट्यावरूनच म्हणाली.

मिदेवाने हातातली लंगडी सोडली आणि पुन्हा जाळीत वाकली. जाळी सरकारची होती, वरचे पत्रे सरकारचे होते आणि आत कलकलणाऱ्या तांबड्या कोंबड्याही सरकारच्याच होत्या. अंगणात अॅव्होकाडोच्या झाडाखाली, चर्चमधून मागून आणलेल्या खुर्च्यांवर तीन साहेब बसले होते. त्यातला एक अमुगुने, लघुउद्योग योजनेचा या भागातला अधिकारी. बाकीचे दोघे नैरोबीहून आले होते, योजना कशी चालली आहे ते बघायला.

"आत्याबाई, तिघांत एक पुरेल," मिदेवा खालच्या आवाजात सासूला म्हणाली. "या आपल्या नाहीत अजून. वर्ष पुरं व्हायचंय."

"पुरेल? नैरोबीहून माणूस आलाय गं. एका कोंबडीच्या तीन वाटण्या करून वाढशील? उद्या चवकालीच्या बाजारात सांगत फिरतील, या टेकडीवर कोंबडीचा नुसता वास देतात म्हणून. आणि अमुगुने तर तुझ्या माहेरच्या कुळातला. त्याच्यासमोर माझं नाक कापतेस काय?"

मिदेवाने दोन धडधाकट कोंबड्या धरल्या. दोन्ही अंड्यावर होत्या.

आमच्या टेकडीवर एक रीत आहे. ज्या पाहुण्याला कोंबडी घातली नाही तो पाहुणा आलाच नव्हता असं धरतात. माणूस दोन डोंगर चढून येईल, दिवसभर बसेल, चहा पिईल, रताळी खाईल आणि घरी जाऊन सांगेल, "गेलो होतो, पण घरात कोणी नव्हतं." रीतीचा दुसरा अर्धा भाग याहून कडक आहे. पाहुण्याने काय खाल्लं, किती खाल्लं हे तोंडातून काढायचं नाही. नवरा-बायको आपसांत भांडतानासुद्धा नाही. चोरी केलेल्याला आमच्याकडे चार वर्षांनी माफ करतात. पाहुण्याचा घास मोजणारीचं नाव मात्र तिच्या नातवंडांच्या लग्नात निघतं.

ही रीत योजना आखणाऱ्यांना माहीत नव्हती असं म्हणता येणार नाही. त्यांच्याही आया टेकड्यांवरच्याच होत्या.

मिदेवा पूर्वी चवकालीच्या गाडीतळावर उकडलेली अंडी विकायची. प्रवासी मटाटू थांबली की टोपली खिडकीशी उंच धरायची, अंडं एका हाताने सोलायचं, मधोमध चीर द्यायची, आत कांदा-टोमॅटो-मिरची भरायची आणि गाडी सुटायच्या आत पैसे वाजवून घ्यायचे. नवरा मोंबासाच्या बंदरात कामाला गेला तो तिथेच दुसरा संसार थाटून बसला. तेव्हापासून ती, सासू आणि ही टोपली. गाडीतळावर निंबाऱ्याखालची सावलीतली जागा तिची होती. ती मिळवायला तिने दोन बायकांच्या झिंज्या ओढल्या होत्या, आणि स्वतःच्याही ओढून घेतल्या होत्या.

मग गावप्रमुख एगाड्वाच्या अंगणात सभा भरली आणि अमुगुने उभा राहिला. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड.

"सरकारचं धोरण बदललंय," तो म्हणाला. "आता दान नाही, उद्योग. मिदेवाताई, तू अंडी घेतेस कोणाकडून? व्यापाऱ्याकडून. मग पोट कोणाचं सुटलंय? त्याचं. तू नुसती उन्हात उभी राहतेस. हा धंदा नव्हे, ही दगदग. तू कोंबडीवाली हो."

त्यात खोटं काही नव्हतं. दुःख हेच की त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. वर्षभर कळप सांभाळायचा, तो अभंग राहिला तर कळप तिचा आणि गाडीतळावर पत्र्याचं एक पक्कं दुकानही तिच्या नावावर. अट एवढीच की लाभार्थीने दुसरा धंदा करायचा नाही. मिदेवाने निंबाऱ्याखालची जागा शेजारच्या जेन्डेकाला दिली. जेन्डेका तिची जुनी मैत्रीण, झिंज्या ओढलेल्या दोघींपैकी एक.

पहिले काही महिने असे गेले की कागेहासुद्धा गुणगुणायला लागली होती. सकाळी जाळीत हात घातला की ऊबदार अंडी हाताला लागायची. मिदेवाची पावलं ओळखून कोंबड्या धावत यायच्या, तिच्या पायांवरून उड्या मारायच्या. तिने हाक मारली की सगळा कळप मान वर करायचा. जेन्डेका रोज येऊन विकायला अंडी घेऊन जायची आणि म्हणायची, "बाई, आता तू व्यापारी झालीस. पोट सुटायला लागलं की सांग, मी बघायला येईन."

तेवढ्यात योजनेने तिला आदर्श लाभार्थी ठरवलं. खाली दरीत फुराहा नावाची एक बाई होती, तिचा कळप मिदेवापेक्षा चांगला होता. पण तिच्या घराकडे उतरताना बुटांना चिखल लागायचा. मिदेवाचं घर डांबरी रस्त्याला लागून होतं. आदर्शपणा तो एवढाच.

आणि पाहुणे सुरू झाले. आधी जिल्ह्याचे आले. मग प्रशिक्षणवाले. मग प्रशिक्षणवाल्यांना प्रशिक्षण देणारे. मग बँकेचे लोक, मग कुठल्याशा परदेशी संस्थेची एक गोरी बाई, जिने कोंबडीला हात लावला नाही, पण तिच्या ड्रायव्हरने तिची वाटणीही संपवली. मिदेवाने पहिल्यांदा घरच्या गावठी कोंबड्या कापल्या. त्या संपल्यावर उसन्या आणल्या, जेन्डेकाकडून, एगाड्वाच्या बायकोकडून. उसन्या कोंबडीच्या बदल्यात कोंबडीच द्यावी लागते. ती कुठून देणार? जाळीतूनच. शेवटी जाळी आणि पातेलं यांच्यामध्ये कोणी उरलं नाही.

त्या दिवशी नैरोबीच्या साहेबांनी जेवताना शाश्वत विकास या विषयावर बोलणं काढलं. जाडा साहेब तंगडीचं हाड मोडून आतला रस ओढत म्हणाला, "मुख्य प्रश्न हा आहे की पक्षी टिकतात किती."

"टिकवणं लाभार्थीवर असतं साहेब," अमुगुने म्हणाला. मग मक्याच्या उगालीचा गोळा रश्श्यात बुडवून मिदेवाकडे वळला. "ताई, हाताला चव आहे तुझ्या."

साहेब गाडीकडे गेल्यावर तिने अमुगुनेला पडवीत गाठलं.

"भाऊ, कळप कमी झालाय. वर्षाच्या शेवटी मोजणीला येतील ना? अर्धासुद्धा भरायचा नाही."

तिने 'तुम्ही खाल्ल्या' म्हटलं नाही. तोही काही न कळल्यासारखा उभा राहिला. दोघांनाही रीत ठाऊक होती.

"घाबरतेस कशाला?" तो म्हणाला. "मी वर कळवतो, रोगाने गेल्या. सगळीकडे हेच कळवतात. रोग आला की कोणाचा दोष नाही. तुझाही नाही, माझाही नाही."

"रोग म्हटल्यावर काही भलतंच नाही ना होणार?"

"काय होणार? झालीच तर नवी पिल्लं मिळतील. ताई, तुझ्या आईच्या गावचा आहे मी. तुझं वाईट करीन का?"

मिदेवा गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे हो, हे तिला कळत होतं. रात्री सासूचे पाय चेपताना तिला बरंही वाटलं की माहेरचं एक माणूस सरकारात आहे.

पंधरवडा गेला असेल. पशुवैद्यकीय खात्याची गाडी रस्त्यावर थांबली आणि त्यातून पांढरे बूट घातलेली डॉक्टर नालियाका उतरली. ती अंगणात आली नाही. कुंपणाबाहेर उभी राहून तिने विचारलं, "एवढ्या थोड्या काळात एवढे पक्षी गेले? मरताना माना वाकड्या झाल्या होत्या का?"

"नाही हो. चांगल्या होत्या."

"चांगल्या असताना मेल्या? मग हे जास्तच वाईट," डॉक्टर म्हणाली. ती दुष्ट नव्हती. हातमोजे चढवून आत येऊन तिने रक्ताचे नमुने घेतले, नीट बांधले आणि सांगितलं, "तपासणी राजधानीत होते. निकालाला वेळ लागतो. तोवर थांबता येत नाही. या घराच्या आजूबाजूचे सगळे पक्षी नष्ट करावे लागतील. तुमचे आणि शेजाऱ्यांचेही. नियम आहे."

"शेजाऱ्यांचे कशाला?"

"रोग कुंपण बघून उडत नाही, मावशी."

संध्याकाळपर्यंत टेकडीभर बोभाटा झाला. दिव्याच्या वेळी जेन्डेका आली. तिच्या परसात आठ-दहा कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा, ज्याच्यावर तिचा भारी जीव.

"मिदेवा, कसला रोग गं? मी रोज येते, मला तर कधी दिसला नाही."

"रोग नाही जेन्डेका. तुला ठाऊक आहे कुठे गेल्या त्या. पिसं तूच काढलीस माझ्याबरोबर."

जेन्डेकाने दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "मग सांग की डॉक्टरणीला."

"सांगू कशी?"

 जेन्डेका उठून गेली.

दुसऱ्या दिवशी एगाड्वाच्या अंगणात सभा बसली. डॉक्टर होती, अमुगुने होता, आणि ज्यांच्या कोंबड्या जायच्या होत्या ती सगळी घरं होती. डॉक्टरने नियम सांगितला. लोक कुरकुरले. एका म्हाताऱ्याने विचारलं, रोग आला कुठून? सगळ्या माना मिदेवाकडे वळल्या.

तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. बोललं तर तोंड काळं. नाही बोललं तर टेकडीवरची चूलन्‌चूल तिच्या नावाने कोंबडीवाचून राहणार, दुकान जाणार, आणि ती रोगट घरची ठरणार. तिने सासूकडे पाहिलं. कागेहा काठीवर हनुवटी टेकवून बसली होती. तिने मान हलवली, नाही म्हणून.

मिदेवा उभी राहिली.

"रोग नाही," ती म्हणाली. "कोंबड्या मेल्या नाहीत. कापल्या. साहेब लोक यायचे, त्यांना घातल्या. अमुगुनेभाऊ प्रत्येक वेळी होता. ज्या घातल्या त्याच कमी आहेत."

पुढे बसलेल्या बायकांनी तोंडाला ओढणी लावली.

अमुगुने सावकाश उठला. त्याचा चेहरा पडला होता. क्षणभर मिदेवाला वाटलं, हा कबूल करेल. पण त्याला घरी दोन लेकरं होती, आणि नोकरी कायम व्हायची होती.

"ताईचं दुःख मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण आम्हाला लाभार्थीच्या घरी पाणीसुद्धा प्यायची परवानगी नाही. असं काही झालेलं नाही."

"जेन्डेका," मिदेवा वळून म्हणाली, "तू होतीस. सांग की."

जेन्डेकाने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. सभेच्या आधी अमुगुने तिला बाजूला घेऊन म्हणाला होता की ज्यांचे पक्षी जातील त्यांची नावं पुढच्या टप्प्यात पहिली. जाळी, पत्रे, तांबड्या कोंबड्या, पक्कं दुकान.

"मला नाही आठवत," ती म्हणाली.

मग एगाड्वा खाकरला. त्यानेही त्या अॅव्होकाडोखाली बसून तंगड्या चाखल्या होत्या, एकदा नव्हे. तो मऊ माणूस होता, आवाज कधी चढवत नसे.

"खाल्लं असेल, नसेल," तो म्हणाला. "त्यात मी जात नाही. पण मिदेवा, पाहुण्याच्या पोटात गेलेलं तू चार लोकांत बाहेर काढलंस कसं? तुझ्या घरी आता कोण बसेल जेवायला?"

लोकांनी माना डोलावल्या. ज्यांनी त्या कोंबड्यांचा वास आपापल्या अंगणात बसून घेतला होता तेही डोलावत होते. रागावलं कोणीच नाही. लाज वाटल्यासारखे सगळे जमिनीकडे बघत होते, आणि ती लाज अमुगुनेची नव्हती. डॉक्टर तेवढी म्हणाली, "रोग नसेल तर बरंच आहे. पण कागदावर रोग आहे. मला कागद धरून चालावं लागतं."

घरी परतताना कागेहा सुनेच्या पुढे चालली होती. एरवी ती मिदेवाचा खांदा धरून चालायची.

"आत्याबाई, हळू. दगड आहेत."

"माझी काठी आहे," म्हातारी म्हणाली. फाटकाशी आल्यावर ती थांबली, पण मागे वळली नाही. "तुझ्या नवऱ्याने मला सोडलं तेव्हा मी लोकांना तोंड दाखवलं. पोरगा वाईट निघाला, पण घर चांगलं आहे म्हणायचे. आज घरही गेलं. खरं बोललीस ना? आता ते खरं शिजव आणि खा."

खात्याची माणसं आली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच, पांढऱ्या अंगरख्यांत, गोण्या घेऊन. शेजारच्या परसांतून आधी सुरुवात झाली. जेन्डेकाचा कोंबडा छपरावर चढून बसला, त्याला बांबूने खाली पाडला. जेन्डेका रडली नाही. तिने मिदेवाच्या अंगणाच्या दिशेने तोंड करून थुंकलं आणि दार लावून घेतलं.

मिदेवाच्या जाळीत ती माणसं शिरली तेव्हा तांबड्या कोंबड्या बिथरल्या. पत्र्यावर आपटू लागल्या, पिसं उडाली, एकीचा पंख जाळीत अडकून फाटला. माणसं काठ्या घेऊन धावू लागली. डॉक्टरने त्यांना थांबवलं आणि मिदेवाजवळ आली.

"मावशी, तुमच्या हाकेला येतात ना? तुम्ही बोलवा. त्यांचा त्रास वाचेल."

मिदेवाने तिच्याकडे पाहिलं. पोर खरंच दयेने बोलत होती. मग तिने पदरात मूठभर मका घेतला, आत गेली, उकिडवी बसली आणि रोजची हाक मारली. कोंबड्या आल्या. एक तिच्या गुडघ्यावर चढली. ती एकेकीला उचलत होती, अंगावरून हात फिरवत होती आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देत होती. मका संपेपर्यंत जाळी रिकामी झाली. लंगडी सगळ्यांत शेवटी आली, तिला चालायलाच वेळ लागायचा.

खड्डा परसातच खणला होता. रॉकेल ओतलं, काडी लावली. मग जाळीवर, अंगणावर, ओट्यावर आणि परसातल्या पालेभाजीवर औषध मारलं. भाजी पांढरी पडली. दोन महिने तोडू नका, म्हणाले. नमुन्याचा निकाल पुढे आला की नाही ते टेकडीवर कोणाला कळलं नाही, विचारायलाही कोणी गेलं नाही. जाळी आणि पत्रे योजनेची मालमत्ता म्हणून ट्रकवर चढले. ती कामं होईपर्यंत दुपार उलटली.

अमुगुने कागदावर सह्या घ्यायला आला होता. दुपारची वेळ, माणसं दमलेली. ती सगळी, डॉक्टरसकट, अॅव्होकाडोखाली टेकली, आणि सवयीने तोही टेकला. उठून जायला हवं हे त्याला कळत असावं. पण आमच्याकडे जेवणाच्या वेळी घरातून उठून जाणं हाही अपमानच असतो, आणि तो आमच्यातलाच होता.

कागेहा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. 

मिदेवाने चूल पेटवली. मक्याचं पीठ वैरलं, नेहमीसारखं घट्ट होईपर्यंत घोटलं. मग बाहेर येऊन एकेकाच्या हातावर कोमट पाणी घातलं. डॉक्टरच्या हातावर घातलं. अमुगुनेच्या हातावर घातलं. त्याने मान वर केली नाही. तिने ताट आणून मधे ठेवलं. उगालीचा वाफाळता पांढरा डोंगर, आणि सोबत काही नाही. रस्सा नाही, भाजी नाही, मीठसुद्धा नाही.

अमुगुनेने सवयीने गोळा तोडला, बोटांत वळला, अंगठ्याने मधे खळगा केला. त्या खळग्यात घ्यायला काहीतरी हवं म्हणून त्याचा हात ताटावर फिरला आणि अधांतरी थांबला.

"खा, भाऊ," मिदेवा म्हणाली. "इथे कोणी मोजत नाही."

त्याने तो कोरडा गोळा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला. ती हात धुवायचं पाणी घेऊन, रीतीप्रमाणे, त्यांचं जेवण होईपर्यंत बाजूला उभी राहिली.